किरणोपचाराने शौचावरचा ताबा शाबूत राहतो का?

गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या घरी एक मजकूर हमखास येऊन पोहोचतो. त्याचा आशय असा: शस्त्रक्रियेआधी किरणोपचार घेतला की गाठ आकसते आणि गुदद्वार नक्की वाचते, मळ गोळा करण्यासाठी पोटावर लावलेली तात्पुरती पिशवी काढली की काही महिन्यांत शौचावर पूर्वीसारखा ताबा येतो, आणि आला नाही, तर दोष सर्जनच्या हाताचा. भीतीने आधीच खचलेल्या माणसांना हे सांगितले जाते, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे.

पहिले विधान अर्धवट आहे. गाठ आकसते हे खरे. पण गुदद्वार वाचणे हे मुख्यतः गाठ तिथल्या स्नायूपासून किती अंतरावर आहे आणि त्या स्नायूत शिरली आहे का, यावर ठरते. पोलंडमधील एका चाचणीत केमोसह दीर्घ किरणोपचार घेतलेल्यांच्या गाठी लहान झाल्या, तरी अल्पमुदतीचा किरणोपचार घेऊन लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा गुदद्वार वाचण्याचे प्रमाण वाढले नाही.

दुसरे विधान सर्वांत घातक आहे. नेदरलँड्समध्ये 1996 ते 1999 या काळात 1861 रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी पाच दिवस किरणोपचार मिळाला, उरलेल्यांची थेट शस्त्रक्रिया झाली. सुमारे पाच वर्षांनी विचारले असता किरणोपचार झालेल्यांपैकी 62 टक्के, तर न झालेल्यांपैकी 38 टक्के लोकांनी शौचावर ताबा राहत नसल्याचे सांगितले. त्यासाठी पॅड वापरावे लागणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे 56 आणि 33 टक्के होते. किरणांमुळे गुदद्वाराचा आतला स्नायू आणि त्याच्या नसा दुबळ्या होतात, उरलेले आतडे ताठर होऊन मळ धरून ठेवू शकत नाही, आणि हे बदल उपचार संपल्यानंतरही वर्षानुवर्षे होत राहतात. त्यामुळे काही महिन्यांची मुदत सांगणे ही रुग्णाची दिशाभूल आहे.

तिसऱ्या विधानाचे उत्तर याच आकड्यांत आहे. किरणोपचार न झालेल्यांतही 38 टक्क्यांना त्रास होता, कारण मळ साठवणारा गुदाशयच शस्त्रक्रियेत काढला जातो. उरलेला फरक मात्र सर्जनवर ढकलता येत नाही, कारण दोन्ही गटांची शस्त्रक्रिया एकाच पद्धतीची होती आणि कोण कोणत्या गटात जाईल हे केवळ यदृच्छेने ठरले होते.

हे वाचून कोणी किरणोपचार नाकारू नये. त्याच चाचणीत दहा वर्षांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले. एकूण आयुर्मानात मात्र फरक पडला नाही. म्हणून निर्णय गाठीनुसार व्हावा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, गुदद्वार वाचवणे शक्य असलेल्या मध्यम टप्प्याच्या रुग्णांना आधी केमो देऊन किरणोपचार फक्त गरज पडल्यास दिला गेला, आणि रोगावरचा परिणाम नेहमीच्या उपचाराइतकाच चांगला राहिला. आपल्या गाठीला हा मार्ग लागू होतो का, हे एमआरआयचा अहवाल समोर ठेवून डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

ज्यांचा उपचार आधीच झाला आहे, त्यांनी लाजेपोटी गप्प बसू नये. शस्त्रक्रियेनंतरचा शौचाचा त्रास मोजण्यासाठी डेन्मार्कमध्ये 2012 साली तयार झालेल्या लार्स प्रश्नावलीत पाचच प्रश्न आहेत. 42 पैकी 30 किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र त्रास. त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोपेरामाइड हे जुलाब रोखणारे औषध, इसबगोल, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि गुदद्वारातून पाणी घेऊन आतडे धुण्याची पद्धत असे उपाय करता येतात.