जुनी इमारत पाडणे हे पर्यावरणाचे काम नव्हे

पुण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की एक मजकूर हमखास येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. तीस वर्षांच्या इमारतीचे आयुष्य संपलेले असते. तिच्या जागी प्रमाणित हरित इमारत उभी केली, तर विजेची ३० टक्के आणि पाण्याची निम्मी बचत होते. राडारोड्याचा पूर्ण पुनर्वापर होतो. दुरुस्ती म्हणजे वाया गेलेला पैसा. तेव्हा पुनर्विकास हाच पर्यावरणाच्या हिताचा मार्ग आहे. बांधकाम व्यवसायाचे वार्तांकन करताना हा युक्तिवाद मी जाहिरातींत वाचला आहे, परिसंवादांत ऐकला आहे आणि सभासदांनी तो जसाच्या तसा सर्वसाधारण सभेत मांडलेलाही पाहिला आहे. तो पुढे पाठवणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते. पुनर्विकासाला माझा सरसकट विरोध नाही. गुडघे दुखत असताना रोज तीन मजले चढणाऱ्या आजींना लिफ्ट हवी असते आणि वाढत्या कुटुंबाला आणखी एक खोली हवी असते, ही कारणे पुरेशी सबळ आहेत. आक्षेप आहे तो या कारणांच्या जागी पर्यावरणाचे नाव पुढे करण्याला.

पहिला मुद्दा तीस वर्षांचा. हा आकडा कायद्यातून आला आहे, पण त्याचा अर्थ बदलून. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५-अ आणि मुंबईसाठीच्या अधिनियमाचे कलम ३५३-ब यांनुसार तीस वर्षे झालेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे अभियंत्याकडून मजबुतीची तपासणी, करून घ्यावे लागते. कायदा तपासायला सांगतो, पाडायला सांगत नाही. मुंबईत या तपासणीनंतर इमारतींचे वर्गीकरण होते, त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२अ मध्ये इमारत रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची असते, सी-२ब मध्ये रहिवासी राहत असतानाच दुरुस्ती होऊ शकते आणि सी-३ मध्ये किरकोळ कामे पुरतात. म्हणजे चारपैकी तीन वर्गांत इमारत वाचवता येते, असे खुद्द व्यवस्थाच गृहीत धरते.

काँक्रीटची इमारत वयाने मरत नाही, ती बहुधा पाण्याने मरते. गच्चीतून आणि न्हाणीघरातून झिरपणारे पाणी सळयांपर्यंत पोहोचते, हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा क्षारीय गुण कमी होत जातो, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. हे कितपत झाले आहे ते रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक आणि कार्बोनेशनच्या चाचण्यांमधून व कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून कळते. नुसते वय पाहून ते कळत नाही. महाडची ‘तारिक गार्डन’ ही इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ जणांचा बळी गेला, तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती.

दुसरा मुद्दा विजेच्या बचतीचा, आणि सगळ्या दाव्याचा भार खरे तर यावरच आहे. बचत होत नाही, असे मी म्हणणार नाही. पण ती बचत सुरू होण्याआधीच जो खर्च होऊन गेलेला असतो, त्याचा या मजकुरात उल्लेखही नसतो. सिमेंट तयार करताना चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. त्यातून होणाऱ्या उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसतो, तर चुनखडीच्या विघटनातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, त्यामुळे भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवली तरी तो टळत नाही. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्क्यांच्या घरात आहे.

आता कोणत्याही ठेकेदाराला तोंडपाठ असलेला ढोबळ हिशेब घेऊ. एक चौरस फूट बांधकामाला साधारण ०.४ गोणी सिमेंट आणि चार किलो लोखंड लागते. उंच इमारतीत लोखंड यापेक्षा जास्तच लागते, पण आपण कमीच धरू. एका घरामागे हजार चौरस फूट बांधकाम धरले, तर ४०० गोण्या, म्हणजे २० टन सिमेंट आणि ४ टन लोखंड झाले. फ्लाय ॲश मिसळलेले सिमेंट वापरले असे मानून टनामागे ०.६ टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर सिमेंटचे १२ टन होतात. भारतीय पोलादाचे टनामागे सुमारे अडीच टन धरले, तर आणखी १० टन. एकूण २२ टन. यात विटा, फरशा, ॲल्युमिनियम, काच, वाहतूक आणि गाड्यांसाठी बांधलेले पोडियमचे मजले धरलेलेच नाहीत.

दुसऱ्या बाजूला बचत पाहू. महिन्याला २०० युनिट वीज वापरणाऱ्या घरात, दाव्याप्रमाणे ३० टक्के धरून, वर्षाला ७२० युनिट वाचतील. आपल्या ग्रिडमधील, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यातील, विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ही बचत वर्षाला अर्ध्या टनाची होते. बावीस टन भरून निघायला चव्वेचाळीस वर्षे लागतील. वातानुकूलन भरपूर वापरणाऱ्या, ४०० युनिटांच्या घरात हा काळ निम्मा होतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र ग्रिडमध्ये सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा जसजसा वाढेल, तसतशी वाचलेल्या प्रत्येक युनिटामागची बचत घटत जाईल आणि परतफेड आणखी लांबेल. आणि नव्या इमारतीलाही तिसाव्या वर्षी हाच मजकूर लागू करायचा ठरवला, तर ती हे कार्बनचे कर्ज फिटण्यापूर्वीच पाडली जाईल.

शिवाय नवी भिंत जुनीपेक्षा थंड असतेच, असे नाही. बांधकाम लवकर उरकावे म्हणून अनेक टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात, म्हणजे मायवान पद्धतीने, बाहेरच्या भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. दीडशे मिलिमीटर काँक्रीटच्या उघड्या भिंतीतून जुन्या नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा दीडपट किंवा त्याहूनही अधिक उष्णता आत येते. एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, भिंत या दोन्हींपेक्षा पुष्कळ चांगली, पण आपल्या प्रकल्पात कोणती भिंत येणार आहे, हे विचारणारा सभासद मला सभांमध्ये क्वचितच भेटला.

या हिशेबात एक बाजू पुनर्विकासाचीही आहे, ती लपवणे योग्य होणार नाही. जुन्या वीस घरांच्या जागी साठ घरे झाली, तर वाढीव चाळीस कुटुंबे शहराबाहेरच्या टेकडीवर किंवा शेतजमिनीवर घर घेण्याऐवजी शहरातच, कामाच्या आणि बसच्या जवळ राहू शकतात. हा लाभ खरा आहे. पण तो घरांची संख्या वाढण्याचा लाभ आहे. पाडलेल्या वीस घरांचा जो कार्बन फुकट गेला, तो त्यामुळे परत येत नाही.

तिसरा मुद्दा प्रमाणपत्राचा. गृहा आणि आयजीबीसी या हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या दोन्ही पद्धतींनी या देशात बरेच चांगले काम केले आहे आणि त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण नाही. तरीही माहितीपत्रकावर छापलेली पाटी अनेकदा पूर्व-प्रमाणपत्राची असते, म्हणजे ती आराखडा पाहून दिलेली असते, इमारत वापरात आल्यानंतरची बिले पाहून नव्हे. याहून गंभीर गोष्ट म्हणजे राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अशा मानांकनासाठी मानांकनाच्या श्रेणीनुसार ३, ५ आणि ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, मिळते. हरित असण्याचे बक्षीस म्हणून आणखी काँक्रीट ओतण्याची परवानगी देणे ही धोरणातील विसंगती आहे, आणि मालमत्ता करातील सवलतीसारखे दुसरे मार्ग असताना ती टाळता येण्याजोगी आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. निम्मी बचत ज्या साधनांतून होते, ते कमी प्रवाहाचे नळ, दुहेरी फ्लश आणि पर्जन्यसंचय जुन्या इमारतीतही बसवता येतात. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प मात्र नव्या इमारतीतच सोयीचा असतो. तो वीजबिल परवडत नाही म्हणून बंद ठेवलेला मी एकापेक्षा अधिक संकुलांत पाहिला आहे.

राडारोड्याच्या शंभर टक्के पुनर्वापराचा दावा तर मानकांशीच जुळत नाही. लोखंड भंगारात जाते आणि पुन्हा वितळवले जाते, सागवानी चौकटीही विकल्या जातात, इतके खरे. पण आयएस ३८३:२०१६ या मानकानुसार काँक्रीटच्या राडारोड्यापासून केलेली खडी एम-२५ या मजबुतीच्या दर्जापर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंतच वापरता येते. उरलेल्या मालाचे फार तर पेव्हिंग ब्लॉक, पदपथाच्या कडा किंवा भराव होतो. जुना स्तंभ पुन्हा स्तंभ होत नाही.

शेवटचा मुद्दा दुरुस्तीचा. जॅकेटिंग, म्हणजे कमकुवत खांबांभोवती काँक्रीटचे नवे आवरण, गंजलेल्या सळयांवरील उपचार, नवे वॉटरप्रूफिंग, बाहेरचे प्लास्टर, नळवाहिन्या बदलणे आणि आवारात जागा असेल तर बाहेरून लिफ्ट उभारणे, या सगळ्याला खर्च येतो आणि तो सभासदांच्या खिशातून जातो. पुनर्विकासात मात्र नवे, मोठे घर विनामूल्य मिळते आणि बांधकाम सुरू असताना दुसरीकडे राहण्याचे भाडेही मिळते. एखाद्या निवृत्त सभासदाने पुनर्विकासाचा पर्याय निवडला, तर त्याला दोष देता येणार नाही. पण मग ठरावात तेच कारण लिहावे, आणि सभेपुढे ऑडिटचा वर्ग, दुरुस्तीचा अंदाज व दुरुस्तीनंतर इमारत किती वर्षे टिकेल याचे अभियंत्याचे लेखी मत, ही तीन कागदपत्रे विकासकाच्या प्रस्तावाच्या शेजारी ठेवावीत.

दुरुस्तीतून मोठे घर मिळतच नाही, हेही पूर्ण खरे नाही. फ्रान्समधील बोर्दो शहरात ग्रां पार्क वसाहतीतील १९६० च्या दशकातील तीन इमारतींमध्ये ५३० घरे होती. ॲन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह या इमारती न पाडता बाहेरच्या बाजूने नवा सांगाडा जोडला, प्रत्येक घराला रुंद सज्जा दिला, लिफ्ट नव्या केल्या, आणि हे सगळे होत असताना रहिवासी आपापल्या घरांतच राहत होते.