एका टिंबापायी ५२ तास गेले

तळपायाची आग मस्तकात गेलीये. रविवारी रात्री अकरा वाजता मला लॅबच्या कॉम्प्युटरांच्या रांगेतला एक जॉब, म्हणजे चालायला दिलेलं एक गणित, काढून टाकायचा होता. एक. चाळीसातला एक. गेले चाळीसच्या चाळीस.

आमच्या लॅबमध्ये एचटीकॉन्डर नावाची सिस्टीम आहे. शुक्रवारी संध्याकाळी पोरं घरी गेली की लॅबची मशीन्स मोकळी होतात, तेव्हा आम्ही आमचे जॉब त्यांच्यावर सोडतो. मुळात ही सिस्टीम त्याच कामासाठी जन्मली, रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरांना कामाला लावायला. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात १९८८ पासून चालू आहे. म्हणजे पस्तीसहून जास्त वर्षं उलटून गेली, आणि अजून काढण्याच्या कमांडला साधं "नक्की ना?" विचारता येत नाही!

माझे जॉब द्राक्षाचे. निफाड आणि दिंडोरीकडची चाळीस गावं, एका गावाला एक जॉब. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पाऊस आला, पानं किती तास ओली राहिली, तर डावणी रोग कधी उठेल याचं गणित. एकेक जॉब अडीच अडीच दिवस चालतो. सतरा नंबरच्या गावाला मी चुकून दुसऱ्याच हवामान केंद्राचा डेटा दिला होता, ते रविवारी रात्री लक्षात आलं. जॉब काढायची कमांड टाकायची होती: कॉन्डर_आरएम ४१२७.१७. टिंब आणि सतरा टाकायच्या आधी एंटर दाबलं गेलं.

नुसता ४१२७ म्हणजे अख्खं क्लस्टर, एकदम सबमिट केलेले सगळे जॉब. त्याने हूं की चूं न करता ते मान्य केलं. लासलगावला कांद्याच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून एक ट्रॉली बाजूला घ्या म्हणावं आणि कोणी रांगच्या रांग हायवेला काढून द्यावी, तसं. साध्या लिनक्सच्या फाइल पुसायच्या आरएम कमांडला आय लावला तर तो प्रत्येक फाइलला विचारतो. इथे तसा पर्यायच नाही. बरं, परत आणायची सोय? तीही नाही. हिस्टरीत जॉबची नोंद दिसते, काम दिसत नाही. आउटपुट आमच्याकडे जॉब संपल्यावरच परत येतं, म्हणून ५२ तास चाललेल्या जॉबचं एक ओळसुद्धा हाताला लागलं नाही.

आणि आता खरी चीड. रांग पुन्हा बघितली तर एक जॉब शिल्लक. कुठला? ४१२७.१७! जो काढायचा होता तोच. स्टेटसला एक्स, म्हणजे काढायला घेतलेला. तो ज्या मशीनवर चालत होता ते नेटवर्कवरून गेलं होतं, आणि पलीकडून "थांबवला" असा निरोप येईपर्यंत रांग सांभाळणारा शेड्यूलर त्याला धरून बसतो. पुन्हा कमांड दिली, पुन्हा तेच उत्तर: काढण्यासाठी खूण केली. अरे खूण कसली करताय? काढला की नाही ते सांगा! माणूस ते वाक्य वाचून काम झालं समजतो आणि झोपायला जातो.

मग फोर्सएक्स, त्याच कमांडचा जबरदस्तीचा पर्याय. ते फक्त आधीच एक्समध्ये असलेल्या जॉबला चालतं, आणि रांगेतून नोंद पुसतं, बस. तिकडच्या मशीनवर प्रोसेस जिवंत असली तर ती तशीच राहू शकते. म्हणून सकाळी लॅब उघडल्या उघडल्या मी स्वतः जाऊन ते मशीन शोधलं. मागची केबल अर्धी निघालेली. प्रोसेस चालूच होती, चुकीच्या डेटावर, मजेत.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, टिंब विसरलीस, त्यात काय? परत सबमिट कर." त्यात काय? सर, तुमच्या लॅबमध्ये नव्या माणसाला सबमिट कसं करायचं याचा कागद भिंतीवर लावलाय. काढायचं कसं याची एक ओळ नाही त्यात. आधी होल्डवर टाका, होल्डवरचा जॉब रांगेत राहतो, नंबर चुकला तर निदान ओळखता येतं आणि रिलीज करता येतो, हे मला कोणी सांगितलं? कोणी नाही. चालता जॉब होल्डवर टाकला तरी थांबतोच, त्यामुळे माझे तास त्यानेही वाचले नसते, हे मला कळतं. पण चाळीस जॉब नव्याने लावायची वेळ आली नसती. आणि तीन ओळींची स्क्रिप्ट लिहून, आरएमच्या आधी किती जॉब जाणार तो आकडा दाखवून हो-नाही विचारणं, एवढं तरी लॅब करू शकते ना? कोणाच्या बापाचं काय जातं?

पिंपळगावचे एक काका बुधवारी अंदाज विचारायला फोन करणार होते. फवारणी कधी घ्यायची ते त्यावर ठरवणार होते. आज सोमवार. लॅबमध्ये दिवसभर प्रॅक्टिकल, मशीन शुक्रवारी संध्याकाळीच मोकळी होणार. त्यांना काय सांगू?