मुलांना हेल्दी खायला घालायचंय? आधी भेंडीला डोळे लावा

तर मैत्रिणींनो (आणि चुकून कोणी पप्पालोक वाचत असतील तर त्यांनीही बसा), तुमचं दोन-अडीच वर्षांचं पोर जेवत नाही, पालेभाजी बघितली की तोंड फिरवतं, घास गालात धरून अर्धा तास बसतं, याचं खरं कारण तुम्हाला अजून कळलेलंच नाहीये. तुमचं जेवण बोरिंग आहे. पोळी गोल, वरण पिवळं, भेंडी बघितली तर भेंडीच वाटते. असलं कोण खाईल? आजकाल मुलांना फन लागतं. आणि फन आणायचं काम अर्थातच तुमचं, कारण तुम्ही मॉमी आहात.

सुरुवात डोळ्यांपासून करा. ऑनलाइन प्लास्टिकचे बारके डोळे मिळतात, खाली टोचायला काडी असते, ते भेंडीत खुपसायचे की भेंडी सुरवंट होते. इडलीत खुपसले की इडली ससा. रीलमधली बाई हे करते तेव्हा तिचं मूल टाळ्या वाजवत भेंडी खातं. तुमचं मूल आधी डोळा उपटून तोंडात घालेल आणि मग तुम्ही त्याच्या घशात बोट घालून तो शोधाल, पण तेवढं चालतं, फोटो आधीच काढून झालेला असतो.

मग कटर घ्या. स्टार, हार्ट, डायनासोर, निदान एक युनिकॉर्न. गरम पोळीवर दाबला की सुंदर हार्ट निघतो आणि पोळीच्या तीन कोपऱ्यांच्या चिंध्या उरतात, त्या ओट्यापाशी उभ्या उभ्या चहाबरोबर कोणी खायच्या ते सांगायला नको.

द्राक्षं अख्खी द्या, मस्त डोळ्यांसारखी दिसतात.

नाही, हे नका करू. हे मी उपरोधातसुद्धा लिहायला नको होतं खरं तर, कारण कोणीतरी करेल. अख्खं द्राक्ष, अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न या वयात घशात अडकून श्वास बंद होऊ शकतो. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायच्या, दाण्याचं कूट करायचं. चला, पुढे.

भाजी लपवा. पालक पॅनकेकमध्ये, दुधी चिल्ल्यात, गाजर पास्ता सॉसमध्ये, बीट ब्राउनीत. पोराला पत्ता लागता कामा नये की आपण पालक खातोय. मग ते पाच वर्षांचं होईल, आयुष्यभर पालक खाल्लेला असेल आणि ताटात पालकाची भाजी बघून विचारेल, आई हे काय आहे?

साखर अजिबात नको, गूळ घाला. खूप घाला. गूळ हेल्दी असतो, काळा असेल तर जास्तच हेल्दी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध, सिरप, पॅकचा ज्यूस हे सगळं एकाच गठ्ठ्यात टाकते आणि म्हणते दिवसाच्या एकूण कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ च्या आत ठेवलं तर आणखी बरं. पण त्यांना आपला सेंद्रिय गूळ कुठे माहितीये.

आता मुख्य टिप. थीम टिफिन.

यासाठी आधी मूल प्लेग्रुपला हवं. आमच्या ठाण्याच्या घोडबंदर रोडला ती सोय भरपूर आहे, प्रत्येक टॉवरच्या खाली एक सलून, एक मेडिकल आणि एक प्लेग्रुप असतोच. मग गुरुवारी रात्री पावणेदहाला (हे असे मेसेज पावणेदहालाच का येतात हे विचारू नका) ग्रुपवर येतं, 'डिअर मॉमीज, उद्या आपला फन विथ फूड डे. टिफिन हेल्दी, होममेड आणि ॲनिमल शेपमध्ये असावा. नो जंक प्लीज. मोस्ट क्रिएटिव्ह टिफिनला प्राइझ!' खाली तीन हत्ती आणि एक गाजर. लगेच चौदा मॉमीजचे अंगठे. एकीनेही विचारलं नाही की आत्ता? उद्या? का?

घरात नाचणीचं पीठ होतं म्हणून मी हत्ती ठरवला, रंग तरी आयता जुळतो. सकाळी साडेपाचला तवा ठेवला. आता नाचणीला चिकटपणा नसतो, गव्हासारखं ग्लूटेन नाही त्यात, त्यामुळे धिरड्याचं पोट छान होतं पण सोंड बारीक काढली की उलटताना तुटते. परत काढा, परत तुटते. जाड काढा, तर ती सोंड न वाटता पाचवा पाय वाटतो. शेवटी सोंड वेगळी भाजली आणि डब्यात हत्तीच्या तोंडाशी टेकवून ठेवली, मध्ये चटणीचा ठिपका लावून. बीटाचे कान. काळ्या तिळाचा डोळा, तो चिमट्याने बसवला, भुवयांचा चिमटा, धुऊन. एवढं होईपर्यंत नवरा अंघोळ करून, ट्रॅफिक लागायच्या आत निघायचं म्हणून शूज घालून तयार, जाता जाता डब्यात डोकावला आणि म्हणाला, 'अरे वा, कुत्रा!'

बरं. डबा गेला. शाळेत उघडला. आणि माझ्या मुलाला तो हत्ती इतका आवडला, इतका आवडला, की त्याने तो खाल्लाच नाही. टीचरने तुकडा मोडायला हात लावला तर 'हत्तीला बाऊ होईल' म्हणून किंचाळून रडला, डबा पोटाशी धरून बसला आणि शेजारच्या मुलाच्या डब्यातला तूप-गूळ-पोळीचा रोल खाऊन घरी आला. तो साधा रोल. ज्याच्या आईने बहुतेक मेसेज वाचलाच नव्हता. ती बाई मला त्या दिवशी भेटली असती तर मी तिच्या पाया पडले असते.

प्राइझ मिळालं अंडरवॉटर थीमला. लाल कोबी उकळलेल्या पाण्यात किंचित सोडा घातला की पाणी निळं होतं, त्या पाण्यात भात, त्यावर गाजराचे मासे. दिसत होतं खरंच सुंदर, मी फोटो झूम करून करून बघितला. ती मुलगीही निळा भात बघून रडली, असं तिची आईच खाली लिफ्टपाशी सांगत होती. म्हणजे थोडक्यात काय, सगळ्या डब्यांमध्ये जे कोणी खाल्लं ते फक्त थीममध्ये न बसणारं.

आणि घरी येताना सगळ्यांना पार्टिसिपेशनची पिशवी. आत काय, तर क्रीमचं बिस्किट, जेली आणि चॉकलेट हेल्थ ड्रिंकचं सॅशे. नो जंक प्लीज! फन विथ फूड! अहो, २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की ही असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी गोष्टच नाही. ॲपवरून काढली, आणि आली कुठे, तर अडीच वर्षांच्या पोरांच्या बक्षिसाच्या पिशवीत. ते क्रीमचं बिस्किट मुलाने रिक्षातच संपवलं, त्याला कोणी डोळे लावले नव्हते तरी.

असो. टिप्स चालू ठेवू.

मोबाइल लावा. डब्ल्यूएचओने २०१९ साली सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, तो तास आपण नाश्त्यालाच वापरून टाकायचा.

फोन नको असेल तर काऊचा घास, चिऊचा घास करा. आमच्याकडे सोळाव्या मजल्यावर काऊ येत नाही, चिऊ तर मी कित्येक वर्षांत बघितली नाही, त्यामुळे आम्ही एक घास कबुतराचा करतो. जाळीच्या बाहेर बसून ते बघत असतं, बिचारं.

घरातल्या ज्येष्ठांचा सल्ला घ्या. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हते हो असले हत्तीघोडे, ताटात पडेल ते पोरं खायची. शंभर टक्के बरोबर. आणि मग दुपारी मी मीटिंगमध्ये असताना त्याला बशीतल्या चहात बिस्किट बुडवून भरवतात, आणि संध्याकाळी तो जेवला नाही की त्याच म्हणतात, काही खात नाही गं हा, वाळला बघ, त्याला एखादं टॉनिक तरी आण. चहाने जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही हे मी एकदा सांगून बघितलं. 'तुझा नवरा चहावरच वाढलाय' असं उत्तर आलं. कुत्रा म्हणाला होता तोच नवरा.

आणि हा 'काही खात नाही'चा घोष. बाल्कनीत, लिफ्टमध्ये, गावदेवी मार्केटात भाजीवालीसमोरसुद्धा. डॉक्टरांनी मला कंटाळलेल्या आवाजात सांगितलं, बहुतेक दिवसातून शंभरदा सांगत असतील, की पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, आणि दुसऱ्या वर्षात वाढतं ते फार तर दोन-अडीच किलो. वाढीचा वेगच कमी होतो मग भूक कशी तेवढीच राहील? शिवाय याच वयात मुलं नवीन पदार्थाला घाबरतात, दहा-पंधरा वेळा ताटात दिसल्याशिवाय तोंडात घालत नाहीत, हे नॉर्मल आहे. म्हणजे मूल ठीक आहे. भेंडी ठीक आहे. डोळ्यांची गरज नाहीये कोणाला.

मग हे सगळं कोणासाठी चाललंय? मला खरंच सांगा. पोराला हत्ती नको होता. त्याला भात चिवडायचा होता, वरणात बोटं घालायची होती, शेवग्याची शेंग ओढून ओढून चोखायची होती आणि अर्धं जमिनीवर सांडायचं होतं. त्याचं फन ते आहे. परवा त्याला कोथिंबिरीची जुडी निवडायला दिली तर काड्या एकीकडे, पानं डोक्यावर, आणि मग न सांगता वरणातली कोथिंबीर खाल्ली कारण 'मी केली'. याचा फोटो चांगला येत नाही, एवढाच त्याचा दोष. तुमचा थीम टिफिन फोनसाठी असतो, ग्रुपसाठी असतो, शाळेच्या पेजसाठी असतो, ॲडमिशनच्या सीझनला लावायच्या बॅनरसाठी असतो, आणि त्याची मजुरी आम्ही पहाटे साडेपाचला फुकट करतो.

आणि 'डिअर मॉमीज' का? फी भरायचा मेसेज येतो तेव्हा 'डिअर पेरेंट्स' असतं, मी बघितलंय वर स्क्रोल करून. हत्ती करायचा असला की मॉमी! पप्पांना तवा पोचत नाही का? ज्या आया घोडबंदरहून अंधेरीला जातात, ज्यांच्या घरी पोळ्यांच्या मावशी आठ वाजता येतात, ज्यांना दुसरं तान्हं आहे, त्यांनी काय करायचं? त्यांच्या मुलाचा साधा डबा तुम्ही सगळ्यांसमोर उघडणार, बाजूला निळा समुद्र ठेवणार आणि वरून प्राइझ देणार. अडीच वर्षांच्या मुलाला आपला डबा कमी आहे हे शिकवायला पैसे घेता तुम्ही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये ६७ टक्के ॲनिमिक निघाली. शंभरातली सदुसष्ट. त्यात टॉवरमधली पोरं नसतील असं समजू नका, दिवसभर बाटलीने दूध पिऊन पोट भरणारी, ज्यांना जेवणातून लोह मिळतच नाही अशी कितीतरी आहेत आपल्याच बिल्डिंगमध्ये. यावर एक मेसेज आला का कधी ग्रुपवर? बाटली बंद करा, डाळ-उसळ-पालेभाजीवर लिंबू पिळा, अंडं खात असाल तर द्या, एवढ्या तीन ओळी? नाही. बीटाचे कान कसे कापायचे याचा व्हिडिओ मात्र आला.

अमेरिकेतल्या एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी फार पूर्वीच सांगून ठेवलंय की काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, आणि खायचं की नाही, किती खायचं ते मुलाने ठरवायचं. एवढंच करा. घरात जे शिजतं ते मऊ करून, तिखट कमी घालून, त्याच्या पुढ्यात ठेवा, त्याच्याबरोबर बसून तुम्हीही खा, फोन उचलून ठेवा आणि त्याचं तोंड उघडायला जाऊ नका. नाही खाल्लं तर ताट उचला, बदली मॅगी करू नका. मागे वाटी घेऊन फिरू नका, कॉरिडॉरमध्ये लिफ्टची बटणं दाबू देत देत घास कोंबणाऱ्या बायकांनो, हे तुम्हाला आहे. आणि रीलवाल्या बायांनो, एकदा कॅमेरा बंद केल्यानंतरचा डबा दाखवा. किती उरलं ते दाखवा फक्त.

पुढच्या शुक्रवारी ट्रान्सपोर्ट थीम आहे, मेसेज येऊन पडलाय. यावेळी डबा नवरा करणार आहे, त्याला सांगून झालंय, आणि पोळी-भाजीच जाणार आहे. पोळी गोल आहे. चाक समजा.