पेशीतला पंप आणि एमआरडीचा रिपोर्ट
कॅन्सरच्या पेशी औषधाला दाद का देत नाहीत, यावरचा तुमचा लेख आवडला, पण 'पी-ग्लायकोप्रोटीन (औषध पेशीबाहेर फेकणारं प्रथिन) जास्त असेल तर औषध लागू पडत नाही' हे वाक्य आईवडिलांना घाबरवणारं आहे. माझ्या पुतणीला पाचव्या वर्षी एएलएल, म्हणजे मुलांमधला एक रक्ताचा कॅन्सर, झाला तेव्हा असंच काहीतरी वाचून वहिनी रात्रभर रडली होती.

हा प्रथिनाचा पंप 1976 मध्ये ज्युलियानो आणि लिंग यांना हॅमस्टरच्या पेशींत सापडला. व्हिंक्रिस्टीन, डॉनोरुबिसिन ही कॅन्सरची औषधं तो पेशीबाहेर फेकतो, हे खरंच. पण मुलांच्या एएलएलमध्ये नुसत्या या मार्करवरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळलेले नाहीत. शिवाय मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट या एएलएलच्या औषधांना पेशींचा प्रतिकार बहुतेक वेगळ्याच वाटांनी होतो.

डॉक्टर उपचार ठरवताना पाहतात ते पेशीतले जनुकीय बदल, आणि इंडक्शन (उपचाराचा पहिला टप्पा) संपल्यावरचा एमआरडी, म्हणजे 10,000 पेशींत एखादी रोगट पेशी उरली आहे का ते. आमच्याकडे तो रिपोर्ट चवथीच्या आदल्या दिवशी आला. दादा डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान घेत होता; पिशवी खाली ठेवून तो तिथेच फोनवर 'निगेटिव्ह ना? नक्की ना?' असं तीनदा विचारत राहिला.

त्यानंतरही उपचाराच्या गोळ्या चालूच होत्या. वहिनी रोज रात्री अर्धी गोळी देऊन कालनिर्णयवर टिंब काढायची. मूल बरं दिसतंय म्हणून या गोळ्या मध्येच सोडू नका, कृपा करून. लेखात पंपावर एवढं लिहिलंत, तर एमआरडीवरही दोन परिच्छेद जोडा.