‘ढवळलेला चिखल’ म्हणून समुद्रतळाचा पुरावा फेटाळता येत नाही

‘समुद्रतळाचा चिखल किडे ढवळतात, त्यातली कवचं विरघळतात, थराचं वय जीवाश्मावरून आणि जीवाश्माचं वय थरावरून ठरवतात, म्हणजे प्राचीन समुद्राचं तापमान आणि प्रजातींचा विनाश हे सगळं अंदाजपंचे’, असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

आधी ढवळण्याचं बघू. किडे वरचा साधारण १० सेंटिमीटर गाळ ढवळतात. खुल्या महासागरात हजार वर्षांत जेमतेम २ सेंटिमीटर गाळ साचतो, म्हणजे सुमारे ५००० वर्षांची सरमिसळ होते. पन्नास वर्षांची घटना अशा गाळात शोधूच नये. पण ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा, दीड-दोन लाख वर्षं टिकलेला उष्ण टप्पा त्यात स्वच्छ दिसतो. बारकावे हवे असतील तर ऑक्सिजन इतका कमी असलेला तळ निवडतात की किडे तिथे जगतच नाहीत.

विरघळण्याची अडचण खरोखर मोठी आहे. फोरामिनिफेरा म्हणजे चुन्याचं कवच असलेले सूक्ष्म, एकपेशीय समुद्री जीव. त्यांतले पातळ कवचाचे आधी जातात, आणि नुसती यादी पाहिली तर प्रजाती संपल्यासारखी वाटते. म्हणून गाळ धुऊन, चाळून (बऱ्याचदा १५० मायक्रोमीटरच्या चाळणीवर) नमुना समान भागांत विभागतात आणि एका भागातली ३०० च्या आसपास कवचं सरसकट मोजतात. मोठी, देखणी कवचं तेवढी वेचली की मोजणी बिघडते. सोबत तुटके तुकडेही मोजायचे. ते वाढले, तर विरघळण्याचा संशय घ्यायचा.

त्याच उष्ण टप्प्यात दक्षिण अटलांटिकच्या खोल तळावर चुना विरघळून नुसती चिकणमाती उरली. २००३ च्या सागरी उत्खनन मोहिमेत वॉल्विस पर्वतरांगेवर सुमारे २.५ ते ४.८ किलोमीटर खोलीदरम्यान अनेक ठिकाणी गाळाचे गाभे (तळात नळी खुपसून काढलेले लांब नमुने) काढले, ते उगाच नाही; वेगवेगळ्या खोलीवर विरघळणं किती झालं, हे ताडून बघायचं होतं. चुना पुन्हा साचू लागल्यावर कवचं परतली, पण तळावर राहणाऱ्या कित्येक प्रजाती परतल्याच नाहीत. जगभरात अशा ३० ते ५० टक्के प्रजाती तेव्हा संपल्या. विरघळणं हे एकच कारण असतं, तर त्या परत दिसल्या असत्या.

वयाचा आक्षेप लवकर निपटतो. रेडिओकार्बन सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत चालतो, त्याआधीच्या काळासाठी ज्वालामुखीच्या राखेचं वय आणि पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल (शेवटची सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीची) वापरतात. यांपैकी एकाचंही वय जीवाश्म कोणत्या प्रजातीचा आहे यावरून ठरत नाही.

तापमानासाठी कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवर) एकट्यावर विसंबत नाहीत, कारण त्यांत ध्रुवीय बर्फाचाही हिस्सा मिसळलेला असतो. जोडीला कवचातलं मॅग्नेशियम-कॅल्शियमचं प्रमाण घेतात. कवच फोडून चिकणमाती नीट धुतली नाही, तर मॅग्नेशियम वाढतं आणि समुद्र होता त्यापेक्षा उबदार दिसतो. म्हणून ॲल्युमिनियमही मोजतात. ते जास्त आलं की तो आकडा बाद.

एक सावधगिरी मात्र आम्हीही आग्रहाने सांगतो. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबेर या फोरामिनिफेरा प्रजातीचा गुलाबी प्रकार हिंदी आणि प्रशांत महासागरांतून सुमारे १.२ लाख वर्षांपूर्वी नाहीसा झाला. अटलांटिकमध्ये तो आजही जिवंत आहे. तेव्हा एकाच गाभ्यावरून कोणी ‘नामशेष’ म्हणत असेल, तर दुसऱ्या महासागरातला गाभा कुठे आहे, हे जरूर विचारा.