औषध मारा, पण उगवल्यावर

कोल्हापुरात रुईकर कॉलनी, नागाळा पार्क, ताराबाई पार्क, असल्या पत्त्यावर ज्यांच्या दारात लॉन आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांच्या शिवारात ऊस आहे त्यांनी वाचू नये. त्यांना हे सगळं आधीच ठाऊक असतं आणि वाचताना ते हसतात, त्यानं सल्ला देणाऱ्याचा उत्साह जातो.

तर लॉन केलंय ना? झकास. वडिलांची उभी हयात बांधावरची हराळी खणण्यात गेली, आणि तुम्ही चौरस फुटाच्या भावानं गवताचे गालिचे आणून अंथरलेत, वर त्याला पाणी पाजायला माणूस ठेवलाय. दोन पिढ्यांत एवढी मजल थोडी नव्हे. आता या विकतच्या गवतात फुकटचं गवत घुसू नये म्हणून काय करायचं ते ऐका.

कृषी सेवा केंद्रात उगवणपूर्व तणनाशक मिळतं. पेंडीमिथॅलिन म्हणा, देतील. उगवणपूर्व म्हणजे तण उगवायच्या आधी मारायचं, असं कुणी सांगेल. शब्दावर जाऊ नका. लग्नपत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो, म्हणून आपण कधी त्या वेळेला पोचलोय का? अक्षता पडून दुसरी पंगत बसली की जायचं, हा आपला रिवाज. औषधालाही तोच लावा. केना घोट्याएवढा झाला, दुधी तणाला फुलं आली, गाजरगवत फाटकातून रस्त्यावर डोकावायला लागलं, की पंप पाठीला लावा.

आधी का मारू नये? कारण त्यात मजा नाही. हे औषध जमिनीच्या वरच्या थरात गप बसून राहतं. बी भिजतं, फुगतं, कोवळा मोड बाहेर काढतं, आणि तो मोड औषधाला टेकला की त्याच्या पेशींचं विभाजन थांबतं. मुळाचं टोक सुजतं आणि कारभार तिथंच आटोपतो, तुम्हाला पानसुद्धा दिसायच्या आत. आता सांगा, जे मेलेलं दिसलंच नाही ते शेजाऱ्याला दाखवणार कसं? पैसे गेले आणि पुरावा नाही. त्यापेक्षा उभ्या तणावर मारा. उभ्या तणाला या औषधाचं फारसं काही होत नाही, न्हाणं झाल्यासारखं ते उलट टवटवीत दिसतं. पण चार लोकांनी तुम्हाला मारताना बघितलेलं असतं.

तरी वेळ साधायचीच हौस असेल, तर ती मोबाईलवर बघून साधावी. अमेरिकेतला एक गोरा, ढगळ चड्डीतला माणूस तिथल्या वसंतातलं गणित सांगतो: जमिनीचं तापमान ५५ अंशांवर गेलं की मारा, खूण म्हणून फोर्सिथियाची पिवळी फुलं बघा. आमच्या गल्लीत एकानं हे मनावर घेतलं. जमिनीत खुपसायचा थर्मामीटर मागवला आणि जमीन ५५ वर जायची वाट बघत बसला. ते ५५ फॅरनहाइट होतं, म्हणजे आपले जेमतेम १३. कोल्हापूरची जमीन १३ वर यायला पौषातली एखादी पहाट धरून बसावं लागेल, आणि ५५ सेल्सियसला तिच्यात शेंगा भाजतील. मग त्यानं फुलाची खूण धरली. फोर्सिथिया इथं कुठला! पिवळं काय फुललंय म्हणून बघितलं, तर बहावा. गंमत म्हणजे बहाव्याचा हिशेब त्या गोऱ्यापेक्षा बरा निघाला असता. बहावा फुलला की पाऊस दीड महिन्यावर, असं जुनी माणसं म्हणतात, आणि आपल्याकडं बी उठतं ते तापल्या मातीवर पहिला वळीव पडल्यावर. म्हणजे औषध वळवाच्या आधी जमिनीत पाहिजे. पण हे साधं झालं. त्याला थर्मामीटर लागत नाही, म्हणून ते शास्त्र नाही.

याच्या उलटी चूकही करता येते. व्हिडिओ फेब्रुवारीत आला म्हणून शिवरात्रीलाच मारून मोकळं व्हा. औषधाची ताकद साधारण दोन-तीन महिने, आपल्या उन्हात त्याहून कमीच. मृग निघेपर्यंत ते संपलेलं असतं आणि टाकळ्याचं बी जागं होतं. दोघांची गाठच पडत नाही.

आता पाणी. इथं खरी कला आहे, म्हणून जरा निवांत सांगतो.

औषध पाण्यात कालवूनच मारलंय, मग वरनं परत पाणी कशाला, असा रोकडा सवाल तुम्ही करणार. बरोबर आहे तुमचं. औषध गवताच्या पात्यावर तसंच राहू द्या. उन्हानं ते पात्यावरच विटतं, काही वाफ होऊन उडून जातं, आणि खाली बी निवांत झोपतं. हौशी लोक फवारल्यावर लगेच पाणी देऊन औषध मातीच्या वरच्या थरात उतरवतात. किती, तर साधारण १२ मिलिमीटर. ऐकायला थेंबभर वाटतं. हजार चौरस फुटांच्या लॉनवर त्याचे ११०० लिटर होतात, म्हणजे गच्चीवरची हजारची टाकी रिकामी करून वर आणखी दोन पिंपं. घरात हे बोलून बघा. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनची ज्या गावानं इतकी वर्षं वाट बघितली, तिथं गवताला टाकीभर पाणी म्हटल्यावर आत्या काय बोलेल ते इथं छापता येत नाही.

पाणी किती पडलं हे मोजायला सरळ बाजूंचे चार-पाच रिकामे डबे लॉनवर ठेवतात आणि पट्टी बुडवून बघतात. तुम्ही ठेवू नका. पाहुणे विचारतील.

आणि अंगठ्यानं पाईपचं तोंड दाबून फवारा उडवणं सोडू नका. रोज संध्याकाळी पाच मिनिटं. हे पाणी लॉनसाठी नसतंच, फाटकावरून जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलता यावं म्हणून असतं. त्यात माती बोटभरसुद्धा भिजत नाही, गवताची मुळं वरच्या वर राहतात, आणि कायम ओलसर राहिलेल्या त्या पापुद्र्यात तणाचं बी लाडानं वाढतं. चार दिवसांनी एकदाच पोटभर पाणी दिलं तर गवत मुळं खाली सोडेल आणि वरच्या वर बसलेल्या तणाचे हाल होतील. पण मग संध्याकाळी करायचं काय?

दुसरी जात पाईप चालू ठेवून तांबड्या-पांढऱ्याला जाणाऱ्यांची. परत येईपर्यंत लॉनचं तळं झालेलं असतं आणि औषध गटारात, तिथनं जयंती नाल्यात, तिथनं पंचगंगेत. हे औषध माशांना जहर आहे. पण नदीत एवढं सगळं जातंय, त्यात आपलं झाकणभर कोण मोजतंय, हा विचार करून गप झोपावं. निम्मं गाव असंच झोपतं. आणखी आळस असेल तर पश्चिमेला ढग काळे झाले, वारं सुटलं, धूळ उडाली, की मारायला घ्या. फुकटचं पाणी! हलकी सर आली तर खरंच काम होतं. पण वळीव हलका आलेला मी तरी क्वचित बघितलाय. तो पत्रे उडवत येतो.

आमचा माळी उसातला माणूस. तो मागं मागं सरकत फवारतो, मारलेल्यावर पाय पडू नये म्हणून. मी म्हटलं, "असं काय चोरासारखं?" तो म्हणाला, "मालक, लागणीत तिसऱ्या दिवसाच्या आत मारतो आम्ही हे. तुम्ही आषाढात बोलावलंसा." मी त्याच्या हातनं पंप काढून घेतला आणि छाती पुढं काढून स्वतः मारलं. फरशीवरचे केशरी-पिवळे डाग अजून आहेत.

मारून झालं की आठवड्यात शेणखताची ट्रॉली मागवा, अर्धं कच्चंच बरं. दोन बोटं जाड पसरा. त्यात गोठ्यातनं आलेलं ताजं बी असतं आणि ते औषधाच्या थराच्या वर बसतं, माडीवर भाडेकरू ठेवल्यासारखं. अधनंमधनं खुरपं घेऊन थर उकरत राहिलं तर उत्तमच.

लव्हाळ्याबद्दल विचारू नका. तो गाठीतनं येतो, बियांच्या औषधाशी त्याचं देणंघेणं नाही. उपटला की गाठ खाली राहते आणि एकाचे तीन होतात. हराळीचंही तसंच, ती जमिनीवर सरपटणाऱ्या धावऱ्यांवर चालत येते, कंपाउंडखालनं.

आणि शेवटी सगळंच हाताबाहेर गेलं की एक चूक मी केली तशी करा. पंप न धुता वापरा. आदल्या दिवशी शेजाऱ्यानं त्यात टू-फोर-डी नावाचं तणनाशक भरलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी त्यातनं गुलाबावर माव्याचं औषध मारलं. गुलाबाची पानं शेवयांसारखी वळली.

यंदा आमच्या लॉनमध्ये मूळचं गवत फाटकाजवळ तेवढं उरलंय, बाकी सगळी हराळी. भाद्रपदात मात्र गल्लीतल्या बायका पहाटे साडेपाचपासून बेल वाजवतात. ताटं घेऊन येतात, बसून तीन-तीन पात्यांच्या दूर्वा खुडतात, एकवीसची जुडी बांधतात. परवा एकीनं खुडता खुडता विचारलं, "दादा, औषध-बिवषध मारलेलं नाही न्हवं?"

मी म्हटलं, "मारलंय की. पण लागू पडलेलं नाही."

तिनं हातातल्या जुडीकडं बघितलं, ती खाली ठेवली आणि ताट घेऊन समोरच्यांची बेल वाजवली.