थकबाकी कसली?

‘युरोपातले देश नाटोची वर्गणी थकवतात आणि अमेरिका ती भरून काढते’ हे लेखातलं वाक्य साफ चुकीचं आहे. नाटो या लष्करी युतीचं जीडीपीच्या २ टक्क्यांचं उद्दिष्ट २०१४च्या वेल्स परिषदेत ठरलं, आणि ते प्रत्येक देशाने आपल्याच संरक्षणावर किती खर्च करावा याबद्दल आहे. २०२५मध्ये हेगला ठरलेल्या ५ टक्क्यांचंही तेच. त्यातला पैसा ब्रुसेल्सच्या नाटो मुख्यालयाच्या तिजोरीत जात नाही. माझी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली, म्हणून हा फरक मला चांगला ठाऊक आहे. हवाई दलाच्या बजेटमधला पैसा सुखोईच्या हँगरमध्ये, टाउनशिपमधल्या पगारात, नाशिकच्या छोट्या कंत्राटदारांच्या बिलांत उतरतो. तिकडेही खर्च असाच बराचसा घरात राहतो; सैनिकांची पेन्शनसुद्धा नाटो त्यात धरते.

सामाईक वर्गणी ही वेगळी बाब. मुख्यालय, संयुक्त कमांड, सामाईक बांधकामं यांसाठी सगळे देश आपापल्या राष्ट्रीय उत्पन्नावर ठरलेल्या सूत्राने ती भरतात. स्वतःचं सैन्य नसलेला आइसलँडही भरतो! आधी अमेरिकेचा वाटा सुमारे २२ टक्के होता. २०१९च्या निर्णयानंतर तो १६च्या आसपास, म्हणजे जर्मनीइतकाच झाला. आणि ही सगळी वर्गणी मिळून सदस्यांच्या एकूण संरक्षण खर्चाच्या ०.३ टक्क्यांच्या घरात जाते. युरोपने वर्षानुवर्षं सैन्यावर कमी खर्च केला, ही टीका रास्तच आहे. पण तिला थकबाकी म्हणू नका. लेखकाने एवढी दुरुस्ती जरूर करावी.